'वधू' क्लासमधली चूक

बदलापूरच्या दौलतरावांचं वधूवर मंडळ आता कॉम्प्युटरवर चालायचं. प्रोग्राम त्यांच्या मुलाने, नुकतंच कोडिंग शिकू लागलेल्या अक्षयने लिहिला होता. मंडळ मुलींचे फोटो देत नसे, नुसती माहिती पाठवत असे.

ती वाचून दौलतरावांच्या भाचीला, कीर्तीला बघायला आलेल्या बाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि चहा अर्धाच ठेवून म्हटलं, "आम्हाला तर गोरी कळवली होती." याआधीचे पाहुणेही असेच उठून गेले होते. कीर्तीला त्या नजरेची शिसारी आली. अर्जात तिने स्वच्छ 'सावळी' लिहिलं होतं.

ती स्वतः अंबरनाथच्या एका कंपनीत प्रोग्रामर. तडक मामाकडे जाऊन तिने अक्षयचा कोड उघडला. 'वधू' हा क्लास, म्हणजे प्रत्येक मुलीच्या नोंदीचा साचा, लिहितानाच त्याने रंगापुढे 'गोरी' टाकून ठेवलं होतं. मुलीने अर्जात काहीही भरो, पुढे जायचं तेच.

"गधड्या, रंग तू कोण ठरवणार? जी मुलगी नोंदवली जाईल, तिची माहिती तिच्या अर्जातून घ्यायची!"

"सॉरी ना ताई. टेस्टिंगला टाकलं होतं, काढायचं राहूनच गेलं."

कीर्तीने ती ओळ दुरुस्त केली. त्यानंतर घरी कोणी फिरकलंच नाही, आणि तिला कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं.

दिवाळीला अक्षय फराळाला आला, तेव्हा कीर्तीच्या आईने त्याला हळूच बाजूला घेतलं.



"अक्षू, तुझी ती चूक परत घाल रे बाळा. निदान बघायला तरी माणसं येत होती."