सर्जेरावच्या गाडीत हाय तेच

शिवाजी पेठेतल्या सर्जेरावनं पिकअपला मोठे टायर चढवले, तसे शेजारच्या हंबीररावांनीही चढवले. टायर सारखे झाले, पण जळजळ थांबेना. हंबीररावांची गाडी काजूच्या पोत्यांसकट चंदगडचा चढ चढायची, मात्र सपाटीला सर्जेराव हॉर्न वाजवत पुढं निघून जायचा. तो हॉर्न हंबीररावांना जेवतानाही ऐकू यायचा.

शेवटी ते दस्तगीर मिस्त्रीकडं गेले.

"मागच्या एक्सलमधला क्राऊन-पिनियन, म्हंजी चाकं फिरवणारी दातेरी जोडी, बदलू या, मालक," मिस्त्री म्हणाला. "पण दातांच्या एका रेशोत चढाला वढ मिळती, दुसऱ्यात सपाटीला पळ. मोठ्या टायरावर दोन्ही गावत न्हाय. तुमास्नी काय पायजे?"

"सर्जेरावच्या गाडीत हाय तेच. आणि त्याला कळता कामा नये."

"व्हय की. ऱ्हाऊ दे गाडी हितंच."

गाडी वाऱ्यासारखी पळायला लागली. हंबीरराव खूश होते, ते चंदगडच्या चढापर्यंत. तिथं त्यांची गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत असताना, भरल्या गाडीनिशी सर्जेराव हॉर्न वाजवत वर निघून गेला.

हंबीरराव तडक गॅरेजवर आले. "दस्तगीर, त्याच्या गाडीत नवीन काय बसवलंस?"

"नवीन कुठलं? तुमचंच काढलेलं बसवलंय. सर्जेरावबी गुपचूप आलते. म्हणाले, हंबीररावच्या गाडीत हाय तेच पायजे."

हंबीररावांनी चावी मिस्त्रीच्या हातावर ठेवली.



"आता त्याच्या गाडीत हाय तेच बसव. आणि त्याला कळता कामा नये."