वेंकूआत्याचा लेप

"गेला! परत गेला!" श्रीविद्या किंचाळली.

पडदा काळा ठिक्कर पडला होता. खेळातली तिची तिरंदाज पोरगी किल्ल्याच्या भिंतीवर अर्धी चढली आणि तिथूनच नाहीशी झाली. टेबलाखालचा मोठा खोका गप्प झाला आणि थोडा दम खाऊन, काही घडलंच नाही अशा थाटात आपणहून सुरू झाला. सकाळपासून हे कितव्यांदा, हे मोजायचं तिने सोडून दिलं होतं.

हा कॉम्प्युटर तिने स्वतः जुळवला होता. एकेक भाग निवडून, चेन्नईहून मागवून. आयुधपूजेला ते सगळे भाग देवीपुढे पाटावर मांडले होते, आत्याची विळी, बाबांची पक्कड आणि घरातलं शिवणयंत्र यांच्या शेजारी. त्या दिवशी पूजेतल्या वस्तूंना हात लावायचा नसतो म्हणून ती नुसती बघत बसली, आणि विजयादशमीला पहाटे अंघोळ करून जुळवायला घेतलं. एवढा चांगला मुहूर्त साधूनही मशीन रुसलं होतं.

आज संध्याकाळी कोइंबतूरच्या कॉलेजशी अंतिम सामना होता. संघातली ती एकटीच मुलगी. कप्तान शहाजी भला मुलगा, पण मघाशी फोनवर त्याने काही आडपडदा ठेवला नाही.

"विद्या, मध्येच तू गायब झालीस तर अम्ही अस्के पाचीजण बुडलों. दुपारपर्यंत बघतों. नाहीं तर राजगोपालला घेतों."

राजगोपाल! आपल्याच माणसांच्या पाठीत बाण मारणारा राजगोपाल! श्रीविद्याला रडूच कोसळलं असतं, पण रडायलाही वेळ नव्हता. मेमरीच्या पट्ट्या तिने काढून, पुसून, आलटून पालटून बसवल्या. मैत्रिणीचा पॉवर सप्लाय आणून लावून पाहिला. विंडोज नव्याने टाकलं. खोक्याचं झाकण उघडून समोर टेबलफॅन लावला. तरी खेळ रंगात आला की मशीन तापायचं आणि मान टाकायचं.

दारात वेंकूआत्या उभी होती, हातात कॉफीचा टंबलर. बाबांची ही मोठी बहीण ओरत्तनाडूच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाली होती, पण औषध तिला एकच ठाऊक होतं. परीक्षेची धास्ती असो, डोळे आलेले असोत, बाबांचा राग असो, कपाळाला चंदन.

"तेला ताप आहे," ती म्हणाली. "डोस्क्याला गंध लाव. सोमवारपासून सांगतें मी."

"आत्या, मशीनला गंध लावत नाहींत."

"बरं. ह्याचं डोस्कं कोठ आहे, तेवढं तरी दाखव."

श्रीविद्या वैतागली. "हें बघ. हा पंखा आहे की नाहीं, तेच्याखाली तांब्याची चकती, तिच्याखाली डोस्कं..." आणि बोलता बोलता तिचं बोट हवेतच थांबलं. सगळं खोलून पाहिलं होतं तिने. हा पंखा तेवढा एकदा बसवला, तो पुन्हा काढला नव्हता.

चार स्क्रू निघाले. पंखा वर आला. खालची तांब्याची चकती देव्हाऱ्यातल्या कलशासारखी लखलखत होती, इतकी की तिला त्यात स्वतःचं नाक दिसलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. त्या चकतीवर करडा लेप हवा होता. तो लेप चिपची उष्णता ओढून पंख्याकडे देतो. पंखा आला त्या खोक्यावर तर ठळक लिहिलं होतं, 'लेप लावलेला आहे.' त्या भरवशावर तिने वेगळा लेप आणला नव्हता, आणि मुहूर्ताच्या घाईत चकती उलटून पाहिलीही नव्हती.

"आत्या! डोस्क्याला लेपच नाहीं!"

"तेंच की सांगतें मी," आत्या म्हणाली आणि तिने शांतपणे कॉफीचा घोट घेतला.

श्रीविद्याने स्कूटर काढली. जुन्या बसस्टँडमागच्या दुकानातून लेपाची नळी आणली, चिपवर मटाराएवढा ठिपका दिला आणि पंखा आवळून बसवला. मग शहाजीला फोन केला. "राजगोपालला सांग, घरीं बसून टाळ्या वाजव म्हणून."

संध्याकाळी सामना झाला. मशीन एकदाही डगमगलं नाही. तिरंदाज पोरगी अख्खी भिंत चढली, वर उभी राहिली, आणि शेवटचा बाण असा सुटला की हेडफोनमधून बाकी चौघांच्या आरोळ्या एकदम कानात शिरल्या. आत्या शेजारीच खुर्ची ओढून बसली होती. लागलंच तर असू द्यावं म्हणून मांडीवर गंधाची वाटी ठेवली होती. खेळातलं तिला ओ की ठो कळलं नव्हतं, पण टाळ्या सगळ्यांत जोरात तिच्याच वाजत होत्या.

श्रीविद्याने उठून तिला वाकून नमस्कार केला. एवढा आनंद तिला परीक्षेच्या निकालालाही झाला नव्हता. "आत्या, तूं नसतीस तर मी कंप्लीट बुडलें असतें!" मग तिला आठवण झाली आणि तिने मोबाइल उचलला. "अत्ता त्या पंख्याच्या कंपनीला चांगलं झाडतें. लेप लावला म्हणून लिहितात आणि कोरडी चकती पाठवतात!"

आत्याने गंधाची वाटी हळूच खाली ठेवली.

"त्या बिचाऱ्यांना कां बोलतेस, कण्णा? करडं किटण चिकटलेलं तांबं देवीपुढे कसं मांडायचं? पूजेच्या आदल्या दिवशीं मीच चिंच लावून घासघासून काढलं."