पासचे अकरा अर्थ

"आज दोनच अर्थ," अनीस म्हणाला. "पुस्तक जुनं आहे. फार चाळता येत नाही."

वांगणीच्या जिवाने मान डोलावली आणि वही उघडली. पुस्तकं बांधणाऱ्या माणसाला पुस्तकाची काळजी जास्तच असणार, हे त्याला पटत होतं. जव्हारच्या कचेरीतली फाटकीतुटकी दप्तरं अनीसच्याच दुकानात यायची. दुकानामागे घर, घरात तो आणि त्याची म्हातारी आई, आणि मध्ये गोणपाटाचा पडदा. त्या घरातल्या बाया परक्यासमोर येत नाहीत, म्हणून जिवा कधी पडद्याकडे मान वळवूनही बघत नसे.

अनीस आत गेला. बराच वेळ लागला. मग बाहेर येऊन त्याने सांगितलं, "लिही. पास, म्हणजे जेवताना मीठ पुढे सरकव. दुसरा, पास, म्हणजे पोराचा ताप उतरेल, रडू नको."

"रडू नको हा पण अर्थातच हाय का, भाय?"

"पुस्तकात तसंच आहे," अनीस घाईने म्हणाला.

जिवाने तेही लिहून घेतलं.

खोडाळ्याच्या जंगल नाक्यावर एक माणूस हवा होता. लाकडाच्या गाड्या तपासायच्या, पास बघायचा, गोरा ठेकेदार आला तर त्याचं बोलणं समजून घ्यायचं. जंगलखात्याच्या साहेबाची परीक्षा मोठी मजेशीर. दरवर्षी एकच शब्द विचारायचा, नाक्यावरचाच, पास. ज्याला जास्त अर्थ येतील तो माणूस नाक्यावर. मागल्या खेपेस चार इयत्ता शिकलेला जिवा ऐटीत गेला आणि दोन अर्थ सांगून गप्प झाला. चिठ्ठी आणि परीक्षेत उतरणं. मग गेला नेहमीसारखा वसईकडे गवत कापायला. सहा महिन्यांनी घरी आला, तर त्याची लेक चैती बापाला बघून भोकाड पसरून आईच्या मागे लपली.

ते रडणं जिवाच्या जिव्हारी लागलं होतं. नाक्यावर राहायला झोपडी मिळणार होती. बायको कोंडी आणि चैती जवळ राहणार होत्या. म्हणून होळीनंतर तो दर बाजाराला अनीसच्या पायरीवर येऊन बसायचा.

अनीसने शिकवण्याबद्दल काही मागितलं नाही. एवढंच म्हणाला, "येताना करवंदं आण. मऊ बघून आण हां. आणि माझ्याकडे असं पुस्तक आहे हे गावात बोलू नकोस."

करवंदांचा द्रोण आधी आत जायचा, रिकामा होऊन बाहेर यायचा, आणि मग अर्थ मिळायचा. अनीसभाय भलताच खादाड आहे, असं जिवाने कोंडीला हसत हसत सांगितलं होतं.

अर्थ वाढत गेले. डोंगरातली खिंड, जिथे गाडी थांबते आणि मडमला उलटी होते. सुईतून दोरा जाणं. वेळ जाणं. माणूस जाणं, कायमचं. इंग्रजांकडे शब्दांचा दुष्काळ असावा, असं जिवाला वाटू लागलं. एकाच बैलाला किती नांगरांना जुंपायचं!

श्रावणात परीक्षा झाली. त्याच्या आधीचे उमेदवार तीन-चार अर्थांवर थांबले. जिवा दहाव्यावर आला तेव्हा साहेबाने पेन खाली ठेवलं.

"आणखी?"

"अकरावा, साहेब. जाऊ दे, माफ केलं. कप फुटला, मडम म्हणाली, लेट इट पास."

साहेब खदखदून हसला. "कोणाचा कप? माझ्या डिक्शनरीत कप नाही."

"आमच्या पुस्तकात हाय, साहेब."

नाका जिवाला मिळाला.

दसऱ्याला तो कोंडीला आणि चैतीला घेऊन जव्हारला आला. हातात शेतातल्या नव्या नागलीची कणसं, झेंडूची फुलं आणि नवं कोरं तांबडं कापड. लेक त्याच्या खांद्यावर बसून त्याचे केस ओढत होती.

"अनीसभाय, आज ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा. बाबा कोयत्याची करायचा. माझा कोयता तुमचं पुस्तक हाय. यंदाची नवी नागली आमी अजून तोंडात घातली नाय. आधी त्याला."

अनीसचा चेहरा उतरला. "आमच्या घरात पूजा कशी चालेल, जिवा?"

"हळद-कुंकू नाय लावत. कापडात गुंडाळतो, कणसं ठेवतो, पाया पडतो न निघतो. भाय, ही पोर आता मला वळखते. मी कुठं डोकं टेकवू, सांगा?"

अनीस आत गेला. आत कुजबुज झाली. मग त्याने स्वतःच्या हाताने पडदा बाजूला केला.

जिवा खाली मान घालून आत शिरला. पुस्तक कुठल्या फळीवर आहे ते शोधायला त्याने नजर वर केली. फळी नव्हती. पेटी नव्हती. कागदाचा एक कपटाही नव्हता. खिडकीपाशी खाटेवर अनीसची म्हातारी आई राबिया बसली होती. तिने हात पुढे करून कणसं घेतली, कपाळाला लावली. तांबडं कापड उलगडलं, डोक्यावरून ओढून घेतलं आणि बोळक्या तोंडाने हसली.

"वाचता येत नाही मला, बेटा," ती म्हणाली. "पण मडमच्या घरी तो कप माझ्याच हातून फुटला होता."