सुरू झालं की कळव

कॉम्प्युटरचं मशीन काही उठेना. सकाळी त्याची डिस्क जळाली, ऑपरेटरने नवी बसवली, पण ती कोरी. कालच्या बॅकअपची टेप हातात होती. तिच्यावर नेत्रपेढीची सगळी यादी होती, पण ती वाचायला आधी मशीन जागं व्हायला हवं, आणि मशीन जागं करणारा भाग टेपवर नव्हताच. तो त्यानेच गाळला होता, रोजची चाळीस मिनिटं वाचतात म्हणून.

फोन तिसऱ्यांदा वाजला. वरून मोठ्या डॉक्टरबाई विचारत होत्या, दान आलेले डोळे फ्रिजमध्ये आहेत, संध्याकाळी बसवायचेत, यादीत पहिलं नाव कोणाचं? तो म्हणाला, होतंय, होतंय.

अख्ख्या मशीनची टेप करायचे ते काका. आधी ही खुर्ची त्यांची. दर महिन्याला तशी टेप करायची, मोडीतल्या एका मशीनवर चढवायची आणि ते चालू होतं का बघायचं, हे त्यांचं खूळ. अर्धा दिवस त्यातच जायचा. हाताखाली असताना हा नुसता दातओठ खायचा. शेवटी त्याने साहेबांना लेखी कळवलं की काका वेळ फुकट घालवतात, त्यांना आता हे झेपत नाही. काका तळमजल्यावर आवक-जावकच्या टेबलावर गेले, शिक्के मारायला. आज त्यांना फोन करायला याचा हात धजत नव्हता.

कपाट उपसताना रिकाम्या खोक्यांमागे एक टेप सापडली. लेबलवर काकांचं टपोरं अक्षर, तारीख त्यांच्या बदलीच्या दिवसाची. सोबत घडी घातलेली चिठ्ठी, त्यात नऊ पायऱ्या. पहिली होती, "घाबरू नकोस. आधी पाणी पी."

तो मुकाट्याने पाणी प्यायला. टेप लावली. दीड तास ती कुरकुरत फिरली आणि तेवढा वेळ त्याला स्वतःसोबत बसावं लागलं. मग पडद्यावर ओळी पळू लागल्या. त्यावर कालची टेप चढवली, यादी आली, डॉक्टरबाईंना नाव मिळालं. साहेबांनी येऊन पाठ थोपटली, म्हणाले, इथे तुला बसवलं तेच बरं झालं. टेप काकांची आहे, हे त्याने तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याने चिठ्ठी तेवढी मुठीत झाकली.

चिठ्ठीतली नववी पायरी उरली होती. "सुरू झालं की कळव. तोवर मला घास उतरत नाही."

साडेतीन वाजले होते. तळमजल्यावर काका लिफाफ्यांवर शिक्के मारत होते. मशीन पडल्याची बातमी सकाळीच खाली पोचली होती, पण वर त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. टेबलाच्या कडेला त्यांचा डबा होता, फडक्याची गाठसुद्धा न सोडलेला.

"सुरू झालं, काका. तुमच्या टेपवर." मग तो एका दमात बोलून गेला, नाहीतर राहूनच गेलं असतं. "तुमची तक्रार मी केली होती."

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "साहेबांनी ती इथेच नोंदीला पाठवली. या खुर्चीवर बसल्यावर पहिला शिक्का मी तिच्यावरच मारला."

त्यांनी गाठ सोडली, झाकणात अर्धं वाढलं आणि त्याच्यापुढे सरकवलं.

"बस. तूही सकाळपासून उपाशीच असशील."

काका जेवू लागले. त्याचा घास हातातच राहिला.