एका मिनिटाची पैठणी

चिठ्ठी उलगडली आणि शालिकरामला हसूच फुटलं. एवढा सोपा शब्द! पैठणी आता घरी आल्यातच जमा होती.

"एक मिनिट आहे, काका," निवेदिका पायल माइकवर म्हणाली. "चिठ्ठीतला इंग्रजी शब्द तोंडातून काढायचा नाही. मराठीत अर्थ सांगा, कुठं वापरतात ते सांगा, काहीही सांगा. काकूंनी तो ओळखायचा."

समोर उभ्या असलेल्या त्याच्या बायकोच्या, माणिकबाईच्या पाठीमागे, फक्त प्रेक्षकांना दिसेल अशा बेतानं, एका पोरीनं पाटी उंच धरली. पाटीवर लिहिलं होतं : सॉरी.

अकोल्याच्या डाबकी रोडवरचं ते पटांगण पैठणीच्या खेळाला जमलेल्या बायकांनी खचाखच भरलं होतं. ओमप्रकाश आणि गीतांजली हे नवं नवं जोडपं एका गुणानं पुढे होतं, पण त्यांचा खेळ आटोपला होता. या शेवटच्या शब्दाला दोन गुण होते. ओळखला तर पैठणी माणिकबाईची, नाही तर गीतांजलीची.

आणि माणिकबाईला ती हवीच होती. लिंबू-चमच्याच्या फेरीत ही पन्नाशीची बाई चपला भिरकावून, पदर खोचून अशी पळाली होती की सोबतच्या तरण्या बायका तोंडात बोट घालून बघत राहिल्या. भाजीच्या गाड्यावर आयुष्य गेलं, अंगाला कधी पैठणी लागली नाही. पुढच्या महिन्यात एकुलत्या एका लेकीचं, खुशीचं लग्न होतं. नवरीच्या आईनं मांडवात मोरपंखी पैठणी नेसून मिरवायचं, हे तिनं मंचावर पाय ठेवला तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

शालिकरामलाही धाकधूक नव्हती. बायको चलाख होती. मघाशी 'टेन्शन' हा शब्द आला, तेव्हा "तू घरात आली तवापासून मले जे आहे ते," एवढं म्हटल्याबरोबर तिनं ओळखला होता. बायका हसून हसून लोटपोट झाल्या होत्या.

शिट्टी वाजली.

"गर्दीत कोनाच्या पायावर पाय पडला का लोक काय म्हंतेत?" शालिकरामनं आपला भाजीबाजारातला आवाज लावला.

"आंधळा हाय का?" माणिकबाई म्हणाली.

पटांगणात हशा उसळला. "अवं, ते नाही! ज्याचा पाय पडला तो काय म्हंते?"

"एक्स्क्यूज मी?"

"जवळ आली! पोट्टे मोबाईलवर दिवसभर लिहितेत. उशीर झाला का लिहितेत, फोन नाही उचलला का लिहितेत!"

"ओके?"

"नाही वं!"

"अर्धं मिनिट संपलं!" पायल ओरडली. शालिकरामच्या कपाळावर घाम आला. हिला आज झालं तरी काय? त्यानं आडवळणं सोडून दिली आणि सरळ अर्थच सांगून टाकला.

"माफ कर! माफ कर मले!"

माणिकबाईचे ओठ हलले. आला शब्द, आला, असं त्याला वाटलं. पण ती म्हणाली, "कायच्यासाठी?"

"चुकलं माह्यं!"

"काय चुकलं?"

आता आली का पंचाईत! पण वेळ पळत होता. "भाजी अळणी झाली म्हून ताट सरकवलं, ते चुकलं!"

"आनखी?"

"चिखलदऱ्याले नेतो म्हनलो, कधी नेलं नाही, ते चुकलं!"

"आनखी?"

बायका खुर्च्या सोडून उभ्या राहिल्या. "आई, बोल ना!" खुशी घसा फोडून ओरडत होती. कुणीतरी उलटे आकडे मोजायला सुरुवात केली आणि सगळं पटांगण मोजू लागलं. पैठणी डोळ्यांदेखत चालली होती. मग शालिकरामच्या तोंडून जे निघालं, ते त्यानं मुद्दाम शोधलेलं नव्हतं.

"तुह्या भावाच्या लग्नात मले जावायाच्या मानाची दुपट्टा-टोपी द्याले इसरले, म्हून मी रुसलो! अक्षता पडाच्या आंधी तुले गाडीत बसवून घेऊन आलो! एकुलता एक भाऊ तुहा! तू रस्ताभर रडत होती अन् मी पाह्यलंही नाही! लय चुकलं वं माह्यं!"

मोजणारे आवाज विरून गेले. शालिकराम धापा टाकत होता. हे खेळातलं बोलतोय की खरं, ते त्याचं त्यालाच कळेना.

"मनाले लावून नको घेऊ," तो हळूच म्हणाला.

माणिकबाई त्याच्याकडे टक लावून पाहत होती. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते.

शिट्टी वाजली. खेळ संपला.

गीतांजलीच्या खांद्यावर मोरपंखी पैठणी पडली, टाळ्यांचा कडकडाट झाला, ओमप्रकाश फोटो काढत सुटला. इकडे मंचाच्या पायऱ्या उतरता उतरता शालिकरामचा पारा चढला.

"अवं, सॉरी! सॉरी होतं ते, सॉरी! शेंबडं पोट्टंही ओळखते! हातातोंडाशी आलेली पैठणी घालवली तू!"

माणिकबाईनं पदरानं डोळे टिपले. चेहरा मात्र असा खुलला होता की पैठणी तिलाच मिळाली असं एखाद्याला वाटावं.

"पाय पडला म्हनले ना तुमी, तवाच समजलं होतं मले."

शालिकराम पायरीवरच थबकला. "मंग बोलली काहून नाही?"

"बोलली असती, त तुमी थांबले असते ना!"