माया

हॉलमध्ये शिरल्यापासून रहीम मास्तर एका जागी ठरत नव्हते. प्रदर्शन शिंप्यांच्या हातकामाचं होतं. जुने कपडे उलटे करून, आतल्या शिवणी दिसतील असे टांगले होते. चाळीस वर्षं ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, त्या टाक्यांना आज माणसं चष्मे सावरून बघत होती. मास्तरांना त्याचं काही सुख नव्हतं. त्यांची नजर जुन्या गिऱ्हाईक भागूबाईच्या हिमरू कापडाच्या झंपरावर अडकली होती.

तो झंपर त्यांनीच शिवलेला, भागूबाईच्या लग्नातला. प्रदर्शनासाठी बिडकीनहून मागून आणलेलाही त्यांनीच. पुढच्या रविवारी तो तिच्या नातीच्या अंगावर चढायचा होता.

त्यांनी बगलेखालच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

“मॅडम, ह्यातली माया कुठंय?”

प्रदर्शन मांडणारी पुण्याची चित्रकार हसली. “सगळीकडेच आहे की, मास्तर. तुमचं वाक्यच लिहिलंय भिंतीवर.”

“तसं नाय. आतलं जादा कापड. दोन बोटं सोडलं होतं, पुढं उसवून सैल करायला.”

“त्या पट्ट्या? लोंबत होत्या. शिवण स्वच्छ दिसावी म्हणून मी कापून टाकल्या. चिंध्याच तर होत्या.”

 तसलं कापड विणणारा आता शहरात उरला नव्हता. जोड द्यायला बोटभर तुकडा मिळाला नसता.

“या अल्ला! बोललो होतो ना तुमाला?”

तेवढ्यात दारातून भागूबाई आली. मागं नात, अंगानं चांगली भरलेली.

“रहीमभाई, तुमचं नाव भिंतीवर लिवलंय म्हनं! काय लिवलंय गं? वाच.”

मास्तरांनी तोंड उघडलं, पण नात वाचू लागली होती. “‘ह्या झंपरात माया सोडलीय. तिला हात लावू नका.’ रहीम मास्तर, शहागंज.”

भागूबाईचा जीव भांड्यात पडला.

“व्हय, माझ्या लग्नात बी हेच बोल्ले होते. हिला व्हईल का न्हाई, म्या उगंच घोर लावून घेतला. घ्या मंग माप हिचं.”

नातीनं पिशवी खाली ठेवली आणि मास्तरांसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली.