हॉलमधला तुरुंग

सासऱ्यांनी बॅगेची चेन लावली आणि मागे वळून बघतात तर सून दारात उभी. दोन्ही हात कमरेवर. ती अशी उभी राहिली की तिचा नवरा आधी चूक कबूल करून टाकायचा आणि मग विचारायचा, कसली ते.

"कुठे निघालात, बाबा?"

"घरी."

"हेच घर आहे तुमचं."

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

सासूबाई गेल्यावर वर्षभर ते आपल्या जुन्या दोन खोल्यांत एकटेच राहिले. एकदा न्हाणीघरात पडले ते दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथेच. दूध घालणारीला शंका आली म्हणून वाचले. मुलाने तीनदा फोनवर विनवण्या केल्या. शेवटी सून स्वतः गेली आणि हाताला धरून घेऊन आली. आणि आता तीन आठवडे होतायत न होतायत तोच हे निघाले परत. पुन्हा पडले तर उचलणार कोण?

का निघाले, ते तिला ठाऊक होतं. कारण हॉलच्या भिंतीवर टांगलेलं होतं.

लोकांची घरं सजवणं हा तिचा धंदा. सासरे चौतीस वर्षं तुरुंगात शिपाई होते. तो तुरुंग दीडशे वर्षांचा, सगळा दगडी. आता बंद झालाय, तिकीट काढून बघता येतो आणि त्याचे फोटो मोठमोठ्या हॉटेलांत लागतात. तिनेही हौसेने एक मागवला. सोफ्याएवढा रुंद, काळा-पांढरा. मधून गेलेला बोळ, वर कमानी, दोन्ही बाजूंना कोठड्यांची दारं आणि झरोक्यातून फरशीवर पडलेलं ऊन. शेजारीण म्हणाली, राजवाडाच वाटतो हो. सासऱ्यांनाही आपली नोकरी अशी दिमाखात भिंतीवर बघून बरं वाटेल, असं सुनेला वाटलं होतं.

कसलं बरं वाटतंय. जेवायच्या टेबलावरून फोटो समोर दिसायचा. हातात घास धरून सासरे त्याच्याकडे बघत बसायचे आणि ताट गार होऊन जायचं. तिने त्यांची खुर्ची बदलली, तर मान वळवून बघायला लागले. काल मुलगा वैतागला. "बाबा, त्याच नोकरीवर मला शिकवलंत ना? मग आता तोच तुरुंग समोर असला तर जेवणही जात नाही?" सासरे भरल्या ताटावरून उठले. आज बॅग माळ्यावरून खाली आली.

सून आत येऊन पलंगाच्या कडेला बसली.

"बाबा, चुकलं माझं. जन्मभर जे बघितलं तेच जेवताना परत डोळ्यांसमोर. एवढी घरं सजवते मी, पण हे काही सुचलं नाही. आत्ता उतरवते तो फोटो. पण तुम्ही जायचं नाही. पुन्हा कुठे पडलात म्हणजे..." तिला रडूच फुटलं. रडायचं नाही असं ठरवून आली होती ती, त्यामुळे तिला स्वतःचाच राग आला.

"उतरवू नकोस," सासरे म्हणाले. "चांगला आहे फोटो. एक दार कमी आहे त्यात, बाकी काही नाही."

सुनेला हसूच आलं. तीन आठवडे घरात कोणी धड जेवलं नव्हतं, ते एवढ्यासाठी?

"अहो, ते मीच काढायला लावलं. सहा डावीकडे, सहा उजवीकडे, किती छान जमलं होतं. आणि ते तेरावं मेलं एका कडेला, जिन्याखाली, बुटकं. सगळी शोभा घालवत होतं. फोटोवाल्याने कॉम्प्युटरवर तिथे भिंत करून दिली. दहा मिनिटांचं काम. कोणाच्या लक्षातही येत नाही."

सासरे बॅगेला टेकून खाली बसले. बोलायला लागले तेव्हा ते तिच्याकडे बघत नव्हते.

"एरवी रिकामीच असायची ती कोठडी. त्या दिवशी मी ड्युटीवर आलो, तेव्हा जाणारा शिपाई म्हणाला, जिन्याखाली एकाला ठेवलंय. मी म्हटलं, बरं. पुढे दोन दिवस सणाची सुट्टी, बाकीचे घरी, त्या बाजूला मी एकटाच. कडक उन्हाळा होता."

"मग?"

"दार वाजवत होता तो. पण तिथे दिवसभर कुठलं ना कुठलं दार वाजतच असायचं, कोण लक्ष देतो? तिसऱ्या दिवशी वाजायचं थांबलं, तेव्हा मला आठवलं. कागदावर हृदयविकार लिहिलं. मला कोणी एका शब्दाने विचारलं नाही. तुझ्या सासूलाही मी कधी सांगितलं नाही."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. सून जागची हलली नाही.

"तू समोर बसून आग्रहाने वाढतेस," सासरे म्हणाले. "मी ते दार शोधतो, तर तिथे नुसती भिंत. घास उतरत नाही गं. तुझं बरोबर आहे, पोरी. कोणाच्या लक्षात येत नाही. मीही ते दोन दिवस बाराच ताटं वाटली."